साडीचा फोटो ४ एमबीचा, गिऱ्हाइकाला हवा ४० केबीचा

समजा, बेळगावच्या शहापुरातल्या एका साडी दुकानाचं वेब ॲप करायचं काम तुमच्याकडे आलंय. ५०० साड्या, प्रत्येकीचे चार फोटो: पदर, काठ, अंग आणि घडी. मालकांनी फोनवर काढलेला एकेक फोटो ४००० गुणिले ३००० पिक्सेलचा, साधारण ४ एमबीचा. यादीच्या एका पानावर २४ साड्या. तेच फोटो जसेच्या तसे लावले तर ते एक पान ९६ एमबीचं होतं. दिवसाला दीड जीबीचा पॅक असलेलं गिऱ्हाईक ते पान पंधरा वेळा उघडून मोकळं होईल. खानापूरच्या पुढे जांबोटीच्या बाजूला, रेंज येऊन-जाऊन असते तिथे, ते पान एकदाही पुरतं उघडणार नाही.

तेच पान १ एमबीच्या आत बसतं, आणि त्यासाठी मोठी यंत्रणा लागत नाही. एक नियम मात्र शेवटपर्यंत सोडायचा नाही: मूळ फोटो एकदाच, न बदलता, कुलपात ठेवायचा. लोकांना दिसतात त्या त्याच्यापासून केलेल्या प्रती. त्या सगळ्या पुसल्या तरी मुळावरून पुन्हा करता आल्या पाहिजेत. पुढच्या बहुतेक पायऱ्या याच नियमातून निघतात.

फोटो कुठे ठेवायचे नाहीत

नवीन माणूस पहिल्यांदा फोटो ठेवतो ते ॲप चालतं त्याच सर्व्हरच्या 'अपलोड्स' फोल्डरमध्ये. आपल्या लॅपटॉपवर ते छान चालतं. क्लाउडवर ॲप बहुतेकदा कंटेनरमध्ये (ॲप भरून ठेवलेल्या, केव्हाही नव्याने उभ्या होणाऱ्या डब्यात) असतं. नवीन आवृत्ती चढवली किंवा कंटेनर पुन्हा सुरू झाला की त्याची डिस्क कोरी होते. संध्याकाळी चढवलेले फोटो सकाळी गायब, आणि डेटाबेसमध्ये नोंदी मात्र जागच्या जागी. शिवाय दिवाळीच्या गर्दीसाठी दोन सर्व्हर लावले तर फोटो एकावर असतो आणि मागणी दुसऱ्याकडे जाते. मग एकच फोटो कधी दिसतो, कधी दिसत नाही.

दुसरा मोह डेटाबेसचा. २००० फोटो म्हणजे ८ जीबी. डेटाबेस तेवढ्याने फुगला की रोजचा बॅकअप रेंगाळतो, आणि प्रत्येक फोटो देताना ॲपचं एक कनेक्शन अडकून पडतं. डेटाबेसमध्ये फक्त नोंद ठेवा: फाइलची किल्ली (म्हणजे साठवणीतलं तिचं नाव), रुंदी, उंची, कुठल्या साडीचा, आणि प्रती तयार आहेत की नाहीत.

फोटोंची जागा म्हणजे ऑब्जेक्ट स्टोरेज, किल्लीने फाइली ठेवायची-काढायची क्लाउडवरची कोठी: ॲमेझॉनचं एस-थ्री, गुगल क्लाउड स्टोरेज, ॲझुरचं ब्लॉब स्टोरेज, क्लाउडफ्लेअरचं आर-टू. तत्त्व सगळीकडे एकच आहे, इथे उदाहरणं एस-थ्रीची घेतो. बकेट (फाइली ठेवायचा कप्पा) मुंबई रीजनमध्ये, म्हणजे मुंबईच्या डेटा सेंटरांत, करा. नवीन खात्यात बऱ्याचदा अमेरिकेतला रीजन आधीच निवडलेला असतो, तो बघून बदला. नंतर बकेटचा रीजन बदलता येत नाही, नवी बकेट करून सगळं हलवावं लागतं. बकेट दोन करा: एक मूळ फोटोंची, एक प्रतींची. दोन्ही खाजगी. एप्रिल २०२३ पासून एस-थ्रीची नवी बकेट बाहेरच्यांना बंदच असते. "फोटो दिसत नाही" म्हणून ती उघडी करू नका, दाखवायचा रस्ता पुढे येतोच आहे.

नावं: इथे मराठी नको, खरंच

फाइलच्या नावात मराठी लिहायला हरकत काय, असं वाटतं. हरकत दोन जागी आहे. देवनागरीचं एकेक चिन्ह साठवायला ३ बाइट लागतात आणि वेब पत्त्यात प्रत्येक बाइटची टक्केचिन्हासकट ३ अक्षरं होतात. 'इरकल' या चार अक्षरांचा पत्ता ३६ अक्षरांचा होतो. कन्नडचंही तेच. एवढ्याने फक्त पत्ता लांबतो. खरा घोटाळा 'ऱ'मध्ये आहे. हे अक्षर युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतं: एकच सलग अक्षर म्हणून, किंवा 'र' आणि त्याखाली नुक्ता जोडून. 'कोऱ्या साडीचा पदर' हे नाव एका कीबोर्डवरून एका प्रकारे टंकलं जातं, दुसऱ्यावरून दुसऱ्या. डोळ्याला दोन्ही तंतोतंत सारखी, स्टोरेजच्या लेखी दोन वेगळ्या फाइली. मग फोटो समोर दिसत असूनही ॲप म्हणतं, सापडला नाही.

तेव्हा फाइलची किल्ली मशीनला करू द्या. फोटोतल्या बाइट्सचा एसएचए-२५६ हॅश (बाइट्सवरून निघणारा ठसा) काढा, त्याची पहिली ३२ अक्षरं घ्या, पुढे रुंदी आणि फॉरमॅट जोडा. फोटो बदलला की नाव आपोआप बदलतं, आणि कॅशच्या (एकदा आणलेली फाइल जवळ ठेवून घेण्याच्या) पायरीवर याचा फार मोठा उपयोग होतो. प्रती करायची पद्धत बदलली, क्वालिटी वाढवली, तर त्यासाठी नावात एक आवृत्तीचा आकडाही ठेवा. साडीचं नाव, रंग, विणकर हे सगळं डेटाबेसमध्ये, मराठीत आणि कन्नडमध्ये, हवं तसं.

किल्लीत गावाचं नावही घालू नका. २०१४ मध्ये बेळगाव शहराचं सरकारी नाव बेळगावी झालं. ज्यांनी पत्त्यांमध्ये जुनं इंग्रजी स्पेलिंग कोरून ठेवलं होतं त्यांच्यापुढे दोनच वाटा उरतात, जुनं नाव वागवा नाहीतर सगळे दुवे मोडा.

चढवणं

फोटो आधी ॲपच्या सर्व्हरवर आणि तिथून बकेटमध्ये, असा दुहेरी प्रवास नको. ब्राउझरने थेट बकेटमध्ये टाकावा. त्यासाठी सही केलेला पत्ता लागतो, म्हणजे प्रीसाइन्ड यूआरएल. क्रम असा:

१. ब्राउझर ॲपला विचारतो: एक जेपेग चढवायचाय.
२. ॲप माणसाचं लॉगिन तपासतं, 'कच्चे' फोटो ठेवायच्या जागेतली एक किल्ली ठरवतं आणि ५ मिनिटांची मुदत घालून सही केलेला पत्ता देतं.
३. ब्राउझर थेट त्या पत्त्यावर फाइल पाठवतो.
४. पूर्ण झाल्यावर ॲपला कळवतो. ॲप फोटो तपासून मूळ फोटोंच्या बकेटमध्ये नेण्याचं आणि प्रती करण्याचं काम रांगेत लावतं.

मुदत ५ मिनिटं म्हणजे ५ मिनिटांत फोटो पूर्ण चढलाच पाहिजे, असं नाही. मुदत तपासली जाते ती पाठवायला सुरुवात होते तेव्हा. हळू नेटवर सुरू झालेला फोटो मध्येच तोडला जात नाही. मात्र तुटला आणि पुन्हा सुरुवात करायची झाली, तर नवा पत्ता मागायला हवा. ही पुन्हा मागण्याची सोय पहिल्या दिवशीच लिहा. पावसाळ्यात खानापूर भागात वीज आणि रेंज दोन्ही एकदम जातात, आणि अर्ध्यावर अडकलेल्या अपलोडचं चक्र बघत बसणारा माणूस शेवटी ॲपच बंद करतो.

ब्राउझर फाइल दोन पद्धतींनी पाठवू शकतो, 'पुट' आणि 'पोस्ट'. नुसत्या 'पुट'साठी सही केलेल्या पत्त्यावर आकाराची मर्यादा आपोआप नसते. 'पोस्ट'साठी केलेल्या सहीत ती घालता येते. १५ एमबी पुरे.

पहिल्याच प्रयत्नात हमखास येणारी अडचण म्हणजे कॉर्स, एका साइटच्या पानाने दुसऱ्या पत्त्याशी बोलायची ब्राउझरची परवानगी. टर्मिनलवरून फाइल चढते, ब्राउझरमधून चढत नाही आणि कन्सोलमध्ये लाल ओळ दिसते. बकेटच्या कॉर्स नियमात तुमच्या साइटचा पत्ता आणि 'पुट' किंवा 'पोस्ट' ही पद्धत लिहायची राहिलेली असते. पत्त्याच्या शेवटी चुकून तिरकी रेघ लिहिली तरी जुळत नाही.

चढवण्याआधी ब्राउझरमध्येच फोटो लहान करावा का? मालकांकडे वायफाय असेल तर करू नका, मूळ जसाच्या तसा येऊ दे. विणकर घरून, मोबाइल डेटावर फोटो पाठवणार असतील तर लांब बाजू २४०० पिक्सेलवर आणून पाठवा. ४ एमबीचा फोटो सहसा १ एमबीच्या आसपास येतो. आणि एक सांगून ठेवा: फोटो व्हॉट्सॲपवर साधेपणी पाठवायचा नाही. तिथे तो लांब बाजूला सुमारे १६०० पिक्सेलवर येतो आणि दाबला जातो. आपण तो पुन्हा दाबला की जरीच्या जागी पिवळा चिखल उरतो. पाठवायचाच तर डॉक्युमेंट म्हणून.

प्रती करणं

या पायरीवर घाई करू नका, कारण इथे झालेली चूक २००० फोटोंवर उमटते.

आधी तपासणी. फाइलचं एक्स्टेन्शन बघून विश्वास ठेवू नका, आतले पहिले बाइट बघा. स्वीकारायचे प्रकार मोजके: जेपेग, पीएनजी, वेबपी, आणि जमलं तर आयफोनचा एचईआयसी. शार्प या नोडच्या चित्र-लायब्ररीच्या तयार पॅकेजमध्ये आयफोनचा एचईआयसी उघडत नाही, ते काम वेगळ्या साधनाने करावं लागतं. एसव्हीजी (मजकुरात लिहिलेलं रेषाचित्र) नाकारा, त्याच्या पोटात स्क्रिप्ट असू शकते. पिक्सेलची कमाल मर्यादा घाला, ६ कोटी पुरे. काहीशे केबीची पीएनजी उलगडल्यावर अब्जावधी पिक्सेलची निघू शकते. ती उघडायला गेलेला सर्व्हर तिथेच आडवा होतो.

मेमरीचा हिशोब इथेच करून घ्या. जेपेग डिस्कवर ४ एमबीचा असला तरी उलगडल्यावर प्रत्येक पिक्सेलला ३ बाइट. १.२ कोटी पिक्सेलचा फोटो ३६ एमबी, ५ कोटींचा १५० एमबी. ५१२ एमबीच्या स्वस्त सर्व्हरवर असे तीन-चार एकदम आले की प्रक्रिया मारली जाते, आणि लॉगमध्ये कारणसुद्धा नीट उमटत नाही. म्हणून रांग, आणि एका वेळी एकच फोटो. नोडमध्ये शार्प आणि पायथनमध्ये पायव्हिप्स या दोन्हींच्या खाली लिबव्हिप्स आहे, ते मेमरी बेताने वापरतं. पायथनची पिलोही चालते, फक्त ती जास्त खाते.

मग वळण. फोन उभा धरून काढलेला फोटो बऱ्याचदा आडवाच साठवलेला असतो आणि 'मला ९० अंश फिरवून दाखवा' अशी चिठ्ठी एक्झिफमध्ये, म्हणजे फोटोसोबत साठवलेल्या माहितीत, असते. प्रत करताना एक्झिफ पुसलं पण फिरवलं नाही, तर साड्या आडव्या पडतात. आधी फिरवा, मग पुसा: शार्पमध्ये 'रोटेट' कोन न देता बोलवायचं, पिलोमध्ये 'एक्झिफ ट्रान्सपोज'. पुसायचं मात्र नक्की. एक्झिफमध्ये जीपीएस असतं, आणि वडगाव-खासबागेत माग घरातच असतात. विणकराच्या घराचा अक्षांश-रेखांश जगाला वाटायचं काही कारण नाही.

आता रंग. 'वेबसाइटवर बघितली त्यापेक्षा साडी वेगळीच निघाली' ही तक्रार तीन कारणांनी येते, आणि त्यातली दोन आपल्या हातात आहेत. फोनच्या कॅमेऱ्याचं मात्र आपण काही करू शकत नाही.

पहिलं कारण रंगाचं प्रोफाइल. आयफोनचे फोटो डिस्प्ले पी-थ्री या रुंद रंगपट्ट्यात असतात. प्रोफाइल नुसतं पुसलं, रंग एसआरजीबीत (वेबच्या नेहमीच्या रंगपट्ट्यात) बदलले नाहीत, की कुंकवासारखा लाल विटकरी दिसायला लागतो. आधी एसआरजीबीत रूपांतर, मग पुसणं. शार्प हे आपोआप करतं. इतर लायब्ररीत तपासून बघा.

दुसरं कारण कमी जणांना माहीत असतं. जेपेग सहसा ४:२:० पद्धतीने दाबला जातो: उजेड प्रत्येक पिक्सेलचा वेगळा, रंग मात्र दोन-दोनच्या चौकटीतल्या चार पिक्सेलना मिळून एकच. माणसाच्या चेहऱ्यावर हे कळतही नाही. हिरव्या अंगावर लाल काठ असेल तर सीमेवर लाल रंग पसरल्यासारखा दिसतो आणि काठातली एक-दोन पिक्सेलची जरीची रेघ बुजते. यादीतल्या छोट्या प्रतीत चालेल. पण गिऱ्हाईक काठावर बोट ठेवून झूम करतं, त्या १६०० पिक्सेलच्या प्रतीसाठी जेपेग ४:४:४ ठेवा, म्हणजे प्रत्येक पिक्सेलला स्वतःचा रंग. साध्या वेबपीत ४:२:० शिवाय पर्यायच नाही; शार्पमधलं 'स्मार्ट सबसॅम्पल' थोडं सावरतं. एव्हीआयएफ या नव्या फॉरमॅटमध्ये ४:४:४ मिळतं.

बारीक चौकडा किंवा उभ्या-आडव्या धाग्यांचं पोत लहान करताना कधी कधी पाण्यावरच्या लाटांसारखी खोटी नक्षी उमटते. लहान करण्याची पद्धत 'निअरेस्ट' असेल तर ती हमखास येते. लँक्झोस वापरा.

रुंद्या पाच पुरतात: ३२०, ४८०, ८००, १२००, १६००. मूळ लहान असेल तर ताणून मोठा करू नका. फॉरमॅट दोन: वेबपी क्वालिटी ७५, आणि जुन्या फोनसाठी जेपेग क्वालिटी ८०. वेबपी गुगलने २०१० मध्ये आणला, पण सफारीला तो २०२० मध्ये कळायला लागला. तेव्हापासून तो बिनधास्त वापरता येतो. एव्हीआयएफ आणखी लहान होतो, पण बनवायला सर्व्हरला बराच वेळ लागतो. पहिल्या आवृत्तीत तो नसला तरी बिघडत नाही. क्वालिटीचे आकडे तीन फॉरमॅटमध्ये एकमेकांशी जुळत नाहीत. एव्हीआयएफचा ५० म्हणजे अर्धी क्वालिटी नव्हे.

प्रती आपोआप करण्यासाठी बकेटच्या घटनेवर (नवी फाइल आली की) लॅम्डा, म्हणजे आपोआप चालणारा ॲमेझॉनवरचा छोटा प्रोग्रॅम, लावणार असाल, तर प्रती त्याच बकेटच्या त्याच भागात लिहू नका. प्रत लिहिली की नवी घटना, तिच्यातून नवी प्रत, पुन्हा घटना. फेरा चालू राहू शकतो आणि कळतं ते बिल आल्यावर. दोन बकेटा सुरुवातीलाच केल्या त्या यासाठीही. एकच घटना दोनदाही येऊ शकते, तेव्हा तेच काम दुसऱ्यांदा झालं तरी नुकसान होऊ नये. नाव हॅशवरून असल्यामुळे ते आपसूक साधतं.

लिहिताना कंटेंट-टाइप विसरू नका. तो दिला नाही तर एस-थ्री फाइलला नुसती बायनरी समजतं, आणि दुवा उघडल्यावर फोटो दिसण्याऐवजी डाउनलोड होतो. दहाही प्रती लिहून झाल्या की मगच डेटाबेसमध्ये 'तयार' अशी खूण करा. आधी खूण केली तर पान अस्तित्वात नसलेली प्रत मागतं, आणि सीडीएन (गिऱ्हाइकाच्या जवळून फाइली देणारं सर्व्हरांचं जाळं) तो नकारसुद्धा थोडा वेळ लक्षात ठेवतो.

पानावर मांडणं

'पिक्चर' टॅगमध्ये आधी वेबपी, मग जेपेग. प्रत्येकाच्या 'एसआरसीसेट'मध्ये (प्रतींच्या यादीत) पाचही रुंद्या; झूमला मात्र थेट १६०० चा जेपेग. आणि 'साइझेस', म्हणजे फोटो पानावर किती रुंद दिसणार ते, लिहाच. ते वगळलं की ब्राउझर धरून चालतो की फोटो स्क्रीनभर रुंद आहे, आणि दोन उभ्या रांगांच्या यादीतही ८०० किंवा १२००ची प्रत ओढतो. इतकं सगळं करून वजन कमी का होत नाही, याचं उत्तर बहुतेक वेळा इथेच असतं.

३६० रुंदीच्या फोनवर दोन रांगांत एक फोटो साधारण १७० चा बसतो. स्क्रीनची घनता २ असेल तर ३४० पिक्सेल लागतात, म्हणजे ४८० ची प्रत, सुमारे ४० केबी. चोवीस साड्यांचे ९६० केबी.

रुंदी-उंचीचे आकडे टॅगमध्ये द्या, नाहीतर फोटो येईल तसं पान खाली सरकतं आणि बोट भलत्याच साडीवर पडतं. स्क्रीनच्या खाली असलेल्या फोटोंना 'लोडिंग' 'लेझी'. वरच्या दोन-चार फोटोंना मात्र ते लावू नका. सगळ्यांना सरसकट लावलं की पहिलाच फोटो उशिरा येतो.

जाहिरातीच्या पट्ट्यातली अक्षरं फोटोत कोरू नका. मराठी, कन्नड, इंग्रजी अशा तीन भाषांसाठी तीन चित्रं होतात, लहान स्क्रीनवर जोडाक्षरं फुटतात, आणि भाव बदलला की पुन्हा डिझायनरकडे. फोटो मागे, मजकूर वर एचटीएमएलमध्ये.

कॅश आणि सीडीएन

प्रतींच्या बकेटसमोर सीडीएन ठेवा, एस-थ्री असेल तर क्लाउडफ्रंट. बकेट खाजगीच राहते. 'ओरिजिन ॲक्सेस कंट्रोल'ने फक्त सीडीएनला आत यायची परवानगी द्यायची. बेळगावहून मुंबई आणि बेंगळूर दोन्ही साधारण ५०० किलोमीटरवर, आणि क्लाउडफ्रंटची केंद्रं दोन्हीकडे आहेत. एकदा मागितलेला फोटो तिथे थांबतो, पुढच्या गिऱ्हाइकाला तिथूनच मिळतो.

प्रत्येक प्रतीवर कॅश-कंट्रोल हेडर: पब्लिक, मॅक्स-एज ३१५३६०००, इम्म्युटेबल. तो आकडा म्हणजे एका वर्षाचे सेकंद. एवढा मोठा आकडा द्यायचं धाडस होतं ते हॅशच्या नावामुळे: फोटो बदलला तर नाव वेगळं, जुनी कॅश पुसायचा प्रश्नच नाही. पानाच्या एचटीएमएलला हे हेडर देऊ नका, नाहीतर नवी नावं गिऱ्हाइकापर्यंत पोचणारच नाहीत.

सही केलेले पत्ते चढवायला वापरले म्हणून दाखवायलाही वापरू नका. दर वेळी सही नवी, म्हणून पत्ता नवा, म्हणून ब्राउझरची कॅश निरुपयोगी. खाजगी बिलांच्या स्कॅनला ते ठीक, कॅटलॉगला नाही.

आणि एक फसवी चूक: फाइलच नसेल तरी एस-थ्री कधी कधी ४०४ ऐवजी ४०३ देतं, कारण मागणाऱ्याला यादी बघायची परवानगी नसते. लोक परवानग्या उलटसुलट करत बसतात. आधी किल्ली बरोबर आहे का ते बघा.

खर्च आणि झाडलोट

मुंबई रीजनमध्ये बाहेर जाणाऱ्या एका जीबीचा दर हा एक जीबी महिनाभर ठेवण्याच्या सुमारे चौपट असतो. म्हणून प्रती जास्त झाल्याची काळजी करू नका. आपल्या २००० फोटोंच्या सगळ्या प्रती मिळून ३ जीबीच्या आसपास येतात. काळजी करायची ती बाहेर जाणाऱ्या डेटाची: रोज ५०० जणांनी ते ९६ एमबीचं पान उघडलं तर ४८ जीबी, १ एमबीचं उघडलं तर अर्धा जीबी.

लाइफसायकलचे, म्हणजे ठरावीक दिवसांनी फाइली आपोआप पुसायचे-हलवायचे, तीन नियम लावा. 'कच्चे' फोटो २ दिवसांनी पुसा. अर्धवट राहिलेले मल्टिपार्ट (तुकड्यातुकड्यांनी चढवलेले) अपलोड ७ दिवसांनी रद्द करा. ते यादीत दिसत नाहीत पण पैसे लागतात. मूळ फोटो ९० दिवसांनी 'इनफ्रिक्वेंट ॲक्सेस' या क्वचित लागणाऱ्या फाइलींच्या स्वस्त वर्गात हलवा. प्रती तिथे हलवू नका: त्या वर्गात १२८ केबीपेक्षा लहान फाइललाही १२८ केबीचे पैसे पडतात, म्हणजे ४० केबीच्या प्रतीला तिप्पट आकाराचे.

साडी विकली गेली म्हणून फोटो लगेच पुसू नका, कुणाच्या तरी ऑर्डरच्या पानावर तो अजून असतो. नोंदीवर 'काढलेली' अशी खूण करा आणि महिन्याने मूळ व प्रती दोन्ही पुसा. मात्र तोच हॅश दुसऱ्या साडीलाही लागलेला नाही ना, ते आधी बघा. दुकानदार एकच फोटो तीन रंगांच्या साड्यांना लावतात.

तपासून बघा

क्रोमच्या डेव्हलपर टूल्समध्ये नेटवर्क टॅब उघडा, कॅश बंद करा, वेग 'स्लो ४जी' ठेवा, यादीचं पान लोड करा. फक्त चित्रं निवडून खालची बेरीज बघा: १ एमबीच्या आत हवी. एकेका फोटोचा प्रकार वेबपी दिसतो का, आणि फोनच्या रुंदीला ४८० ची किंवा त्याहून लहान प्रत येते का ते पाहा. मग कॅश सुरू करून पुन्हा लोड करा. आता फोटोंपुढे आकड्याऐवजी डिस्क किंवा मेमरी कॅश असं दिसायला हवं. मग कॅश पुन्हा बंद करून, आधी न मागितलेल्या एका फोटोचा पत्ता वेगळा उघडून हेडर बघा: 'एक्स-कॅश'मध्ये पहिल्यांदा मिस, दुसऱ्यांदा हिट. दर वेळी मिस येत असेल तर पत्त्याच्या शेवटी काहीतरी बदलतं शेपूट, उदाहरणार्थ वेळेचा शिक्का, लागतंय का ते बघा.

शेवटी लाल काठाची हिरवी साडी निवडा, ती मालकांच्या फोनवर उघडा, आणि खरी साडी दुकानाच्या दारात, उन्हात, फोनशेजारी धरून दोन्ही काठ बघा.